खांब घरचाच ठेवावा की जुन्या बाजारातून आणावा?

ओसरीचा सागवानी खांब बुडाशी कुजला होता. वर ठणठणीत, तळखड्याभोवती, म्हणजे खांबाखालच्या दगडाभोवती, कधीतरी सिमेंट ओतल्यानं ओल आत अडकलेली.

एक वाट म्हणजे कुजकं हातभर कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधायचा. तोवर वरची तुळई धीऱ्यांवर, म्हणजे तात्पुरत्या टेकूंवर, पेलायची, सुतारही जाणता हवा. काम रेंगाळतं. पण पिढ्यान्‌पिढ्या पाठी टेकून आलेली तुळतुळीत झाक आणि वरची कोरीव केळफुलं जागची हलत नाहीत.

जुन्या बाजारातला, पाडलेल्या वाड्याचा खांब लवकर उभा राहतो. लाकूड मुरलेलं, सहसा पीळ धरत नाही. मात्र उंची क्वचितच जुळते, आतला खिळा करवतीचे दात काढतो आणि नक्षी शेजारच्या खांबाशी फटकून वागते.

आम्ही सांधाच घेतला, सिमेंट उकरून चुना भरला. बाजारातून आणल्या त्या फक्त दाराच्या कड्या, त्याही घासाघीस करून.