माडग्याळ घ्यायची का जुळी देणारी? दोन्ही सांभाळून झाल्यावरचं मत

मावसभावाचा फोन आलेला, वीसेक मेंढ्यांपासून सुरुवात करायचीय, माडग्याळ (जतकडची जात) घेऊ का ती फलटणची जुळी देणारी घेऊ म्हणून विचारत होता. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून म्हटलं बसून लिहावं, अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. लसी कुठल्या कधी द्यायच्या, शेड केवढं, जंताचं औषध, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आम्ही दुष्काळी माण तालुक्यातले, त्यामुळं पाऊसपाण्याचं काय बोलायचं. मेंढरं आजोबांपासून आहेत, त्यांच्या वेळी काळी दख्खनी होती, लोकर कातरून घोंगडी व्हायची, आता कातरणाऱ्याची मजुरी पण लोकरीतनं निघत नाही म्हणून ती हळूहळू कमी केली. मग पाच वर्षं मी माडग्याळ सांभाळली आणि आता हे चौथं वर्ष नारी सुवर्णाचं, म्हणजे त्या फलटणच्या जुळी देणारीचं.

आधी हे कबूल करतो की नुसतं जनावर म्हणून बघायचं झालं तर माडग्याळच. उंच पाय, लांब मान, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, आणि ते पोपटासारखं नाक. कळपात चालायला लागली की बघत राहावं वाटतं. वाढ पण तशीच. वजनकाटा माझ्याकडं कधी नव्हता, पण तीन महिन्यांचं माडग्याळ कोकरू उचललं की कंबर सांगते, आणि नारी सुवर्णाचं त्याच वयाचं कोकरू मी एका हातात धरून दुसऱ्या हातानं फाटक उघडतो. एवढा फरक आहे, तो कुणी नाही म्हणू नये.

मग सोडली का, तर नाकामुळं. हसू नका.

माडग्याळचा भाव नाकाला आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण ते स्वतःच्या गोठ्यात भोगल्याशिवाय नीट कळत नाही. मी पैशापाण्याची जुळवाजुळव करून एक मेंढा आणला, त्याचं नाक असं की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवायचा. पहिल्या वर्षी त्याची अकरा कोकरं झाली आणि त्यातली नाकाला उतरलेली तीन. बाकीच्या आठांची वाढ चांगली, अंगं भरलेली, आजारी एक नाही, पण व्यापारी आला की हनुवटीला धरून मान वर करणार, बाजूनं एकदा बघणार आणि म्हणणार "नाक बसलंय". झालं, पैदाशीच्या भावातनं थेट खाटकाच्या भावात. एका मेंढीची लागोपाठ दोन वेतं, मेंढा तोच, चारा तोच, पहिलं कोकरू बावीस हजाराला गेलं आणि दुसरं साडेसहाला. ह्यात माझी काय चूक आणि मी काय सुधारायचं होतं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. निवड करत करत नाक पक्कं होतं म्हणतात, होत असेल, पण त्याला दोन पिढ्यांचा धीर पाहिजे आणि पन्नास-साठ मेंढ्यांतनं निवडायची सोय पाहिजे. अठरा मेंढ्यांवर कुणाला निवडणार आणि कुणाला काढणार!

त्यात २०२० ला आटपाडीच्या मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकानं दिला नाही ही बातमी सगळीकडं फिरली. त्यानंतर तर जो येईल तो व्हिडिओ काढायला. घ्यायचं काही नाही, चहा पिणार, मेंढ्याबरोबर फोटो काढणार, आणि जाताना "नाक जरा अजून पाहिजे होतं" असं म्हणून जाणार. चोरीच्या भीतीनं आबा दोन हिवाळे शेडमध्ये झोपले, सत्तरीचा माणूस. तिसऱ्या हिवाळ्यात आई म्हणाली एकतर मेंढा ठेवा नाहीतर ह्यांना घरात आणा. मला वाटतं निर्णय तिथंच झाला, बाकी हिशोब मी नंतर मांडला.

आता नारी सुवर्णा. ही फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेली. बनबिहारी निंबकरांनी १९६८ ला संस्था काढली, पुढं नव्वदच्या दशकात सुंदरबनातली गरोळ मेंढी आणून हे काम सुरू झालं. गरोळ म्हणजे पूर्ण वाढलेली दहा-पंधरा किलोची, शेळीच्या पिल्लाएवढी दिसते, पण दोन-दोन तीन-तीन कोकरं देते. तो जुळ्यांचा जीन दख्खनीत उतरवला, आकार आणि दूध वाढावं म्हणून पुढं इतर रक्तही घातलं. गंमत म्हणजे हाच जीन ऑस्ट्रेलियातल्या एका मेरिनो कळपात सापडला होता, आणि तो तिकडं गेला अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून जहाजातनं नेलेल्या मेंढ्यांबरोबर. म्हणजे आपलाच माल आपल्याला दोनशे वर्षांनी कळला.

दिसायला काही नाही. कुणी गाडी थांबवत नाही, आणि मला आता त्याचंच बरं वाटतं. मागच्या वर्षी अठरा मेंढ्या व्याल्या, एकोणतीस कोकरं झाली, चार गेली, पंचवीस हाताशी राहिली. माडग्याळच्या अठरांची माझ्याकडं सगळ्यात चांगल्या वर्षी सतरा झाली होती. कोकरू लहान असतं हे वर म्हटलंच, पण विकताना काट्यावर चढवायचं आणि पैसे घ्यायचे, हनुवटीला कुणी हात लावत नाही.

तरी फसवायचं नाही म्हणून सांगतो, जुळ्यांना फुकट काही नाही. मेंढी पहिल्या कोकराला चाटून घेते आणि दुसऱ्याला ढकलून देते, असं दर पाच-सहा मेंढ्यांत एकदा तरी होतंच. मग चीक पिळून तासा-दोन तासांत पोटात घालायचा, आणि पुढं बाटली, दिवसाला चार वेळा, त्यातली एक रात्री. डिसेंबरच्या थंडीत ही बाटली कोण पाजतं? मी नाही, आमची मंडळी आणि आई पाजतात. त्यामुळं "जुळी काय अवघड नाहीत" असं कुठला गडी म्हणत असेल तर आधी त्याच्या घरात विचारा. दुसरं, शेवटच्या महिना-दीड महिन्यात मेंढीला खुराक लागतोच, मक्याचा भरडा आणि थोडी पेंड, मी पावशेर ते दीडपाव देतो. दोन जीव पोटात आणि वर नुसता वाळका माळ, असं केलं तर मेंढी बसते आणि तिन्ही जातात. ज्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे फिरते तळ, अजून कोकणात उतरतात त्यांनी म्हणूनच ह्या भानगडीत न पडलेलं बरं, दोन-दोन दिवसांची जुळी घोड्यावर बांधून किती न्यायची. ज्याच्याकडं विहिरीला थोडं पाणी आहे, अर्धा एकर मेथीघास, बांधाला शेवरी-सुबाभूळ आहे, त्याला जमतं.

मेंढा निवडताना एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथंच लोक गंडतात. जुळ्यांचा जीन मेंढ्याच्या अंगावर दिसत नाही, तो फक्त त्याच्या लेकींच्या वेतात कळतो, किंवा रक्त तपासलं तर कळतो. मेंढ्यात तो दुहेरी, म्हणजे आई-बाप दोन्हीकडून आलेला असला आणि तुमच्या साध्या मेंढ्यांवर सोडला तर प्रत्येक लेकीत एकेरी उतरतो, आणि आपल्याला पाहिजे तो एकेरीच. दुहेरीवाल्या मेंढीला कधीकधी दोनापेक्षा जास्त कोकरं होतात आणि सड तर दोनच. म्हणून पहिल्या फळीच्या लेकी मोठ्या झाल्या की परत दुहेरी मेंढा लावू नका, साधा लावा, मग निम्म्या लेकी जुळ्यांच्या निघतील आणि निम्म्या नाही. वहीत लिहून ठेवायचं, कानात बिल्ला मारायचा. आणि बापालाच लेकींवर सोडू नका हे सांगायला नको, पण माझ्याच शेजारी दोघांनी केलंय.

काहीजण म्हणतील जुळ्यांच्या मेंढीवर माडग्याळ मेंढा सोडा, दोन्हीचं चांगलं येईल. मी दोन वेतं केलं. कोकरं भरतात खरी, विकायला झकास, पण व्यापाऱ्यानं पुन्हा हनुवटी धरली राव! "माडग्याळ आहे म्हणता, मग नाक?" मी ते बंद केलं.

तुमचं गाव जत-आटपाडीच्या बाजूला असेल, घरात नाक ओळखणारं म्हातारं माणूस असेल, आणि दोन-तीन वर्षं पैसे अडकले तरी चालत असेल, तर माडग्याळ घ्या, मी कोण नको म्हणणारा. एखादा चांगला मेंढा निघाला तर माझ्या चार वर्षांच्या कमाईएवढं एका दिवसात मिळेल. माझ्याकडं पण दोन माडग्याळ मेंढ्या अजून आहेत, आबा विकू देत नाहीत, सकाळी त्यांना पहिला घास घालतात. पण दर सहा-सात महिन्यांनी हातात पैसे दिसायला पाहिजेत असं असेल तर, माझ्यापुरतं तरी, जुळीवाली.

आणि बाजारातनं घेणार असाल तर मेंढीजवळ दोन कोकरं बांधलीत म्हणजे ती जुळीचीच असं समजू नका, एक शेजारणीचं असतं. मला एकानं असं घातलंय, सोळा हजाराला. शक्यतो मालकाच्या गोठ्यावर जा, तेही संध्याकाळी, मेंढ्या चरून परत यायच्या वेळी. चहा नको म्हणायचं आणि फाटकाजवळ उभं राहायचं, कोकरं सोडली की कुठलं कुणाच्या सडाला जातंय ते बघायचं, आणि कुणी लाथ मारतंय का तेही.