घरपोच ब्रेक तपासणीच्या नावाखाली ११,५९९ रुपयांना फसलो

पुढचे ब्रेक पॅड ४,८५०, मागचे ब्रेक शू २,४००, ब्रेक ऑइल ९५०, कॅलिपर (पॅड दाबून धरणारा भाग) सर्व्हिस १,५००, मजुरी १,८०० आणि घरी येण्याचे ९९. एकूण ११,५९९ रुपये. यातलं एकही काम झालेलं नव्हतं.

बडोद्यात सलग चार दिवस पाऊस लागला होता आणि गाडी मांजलपूरला सोसायटीत उघड्यावर उभी होती. पाचव्या दिवशी काढली तर ब्रेक दाबला की खरखर. वायपरखाली घरपोच तपासणीचा कागद होता, त्यावर फोन लावला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन सापुताऱ्याच्या घाटातून नाशिकला जायचं होतं. ८१ वर्षांची आई गाडीत असताना ब्रेकची शंका कोण अंगावर घेईल, सांगा.

ओल्या डिस्कवर गंज चढतो आणि थोडं चालवून चार-सहा वेळा ब्रेक दाबला की निघून जातो. मकरपुऱ्याला कामावर जाऊन परत येईपर्यंत आवाज गेलाही होता! तरी मी त्या घरपोचवाल्या मेकॅनिकला 'येऊ नकोस' म्हटलं नाही.

तो आला तेव्हा मी नुकताच घरी पोचलो होतो. चाक काढलं, डिस्कची धग हाताला लागत होती. "काका, बादलीभर साबणाचं पाणी मिळेल?" मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. खाली आलो तर त्याने माझ्या तळहातावर एक पॅड ठेवला, पार झिजून पत्र्याला आलेला. "हे बघा, यावर तुम्ही घाट उतरणार होता." तो पॅड थंडगार होता. मागच्या पत्र्यावर जुना, कोरडा गंज. धगधगत्या डिस्कला चिकटलेला पॅड थंड कसा असेल? हाताला कळलं, डोक्याला कळलं नाही. डोक्यात घाट होता. आजही तो गारवा आठवला की संताप येतो.

पैसे त्याच्या खासगी नंबरवर यूपीआयने दिले. बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. जुने पॅड तो घेऊन गेला. तुम्ही जुना सुटा भाग हातातून सोडू नका, आणि बिल दिसल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

नाशिकहून परतल्यावर पंक्चरसाठी ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. कॅलिपरच्या बोल्टवर वाळलेला चिखल जसाच्या तसा. आत माझेच जुने पॅड, ७ मिलिमीटर शिल्लक. नव्यात साधारण १० ते १२ असतात, ३ वर आले की बदलायचे. मागचे ड्रम उघडलेलेच नव्हते. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. नवं असतं तर फिकट पिवळं दिसलं असतं. बॉनेट उघडून डबीकडे नुसतं पाहिलं असतं तरी चोरी पकडली असती.

अलॉय व्हील असेल तर मोबाइलचा टॉर्च मारून बाहेरचा पॅड चाक न काढताही दिसतो. आतला कधी कधी जास्त झिजतो, म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून मागच्या बाजूनेही बघा. आवाज रोज येत राहिला तर मात्र पॅड संपत आल्याची खूण समजा, दुर्लक्ष करू नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "तमे जाते ज पैसा आप्या ने?" स्वतःच दिले म्हणजे चोरी नाही, दिवाणी मामला. बँकेत गेलो, तर व्यवहार ग्राहकाने स्वतः केलाय, आम्ही काय करणार. सायबरवाले म्हणाले ठाण्यात जा. ठाण्यात पुन्हा गेलो तर दुकानाचा पत्ता आणा, बिल आणा. अहो, बिल न देणं हीच तर फसवणूक! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं अनुचित व्यापार प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. ते सांगितलं तर मलाच दरडावलं. तीन अर्ध्या रजा गेल्या, अर्जाची पोच अजून नाही.

काल शेजाऱ्यांच्या वायपरखाली तसाच कागद दिसला, छपाई तीच, नंबर वेगळा. मी तो काढून घेतलाय. उद्या तो आणि यूपीआयची पावती घेऊन पुन्हा ठाण्यात जातोय.