अंकी अ‍ॅप, सात महिन्यांनंतर: मेट्रो, कुकर आणि जपानी

जूनमध्ये घेतलं, आता जानेवारी चालू आहे, म्हणजे नव्याची नवलाई संपलीये, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. मी बँकेत आहे, घरी सासूबाई आणि दहावीतली लेक, आणि जपानीची एन५, म्हणजे तिथल्या भाषेच्या परीक्षेची सगळ्यात पहिली पायरी, द्यायची हे डोक्यात घेतलेलं. सलग तास कुणी देणार नव्हतंच. मग उरतात ती पाच-दहा मिनिटांची चिल्लर.

अंकी म्हणजे कार्डांचं अ‍ॅप. पुढे शब्द, मागे अर्थ, आणि आठवलं की नाही ते आपणच सांगायचं. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी येतं, नाही आठवलं तर लगेच परत. जपानीत अंकी म्हणजे पाठांतरच. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं, आणि कार्डं एकदा उतरवली की नेट लागत नाही.

माझा मुख्य अड्डा पुण्याची मेट्रो. आनंदनगर ते पीएमसी (महापालिकेचं स्टेशन), दहा-बारा मिनिटं, बसायला जागा मिळत नाहीच, एका हाताने दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कार्डं. यात साठेक होतात. आधी याच वेळात पुस्तक वाचून बघितलेलं, नळस्टॉपला उघडायचं आणि डेक्कन आलं तरी तोच परिच्छेद, कारण धागा सापडेपर्यंतच उतरायची वेळ होते. कार्डाला धागा नसतो, मध्येच कुणी "मॅडम उतरणार का?" विचारलं तरी नुकसान एकाच कार्डाचं.

पण पहिले दोन महिने मी साफ चुकीचं वापरलं. सेटिंगला हात न लावता रोजची २० नवीन कार्डं तशीच ठेवली आणि नवीन शब्दही उभ्याउभ्याच शिकायला गेले. महिन्याभरात रोजची उजळणी दीडशेच्या वर, आणि डोक्यात नुसता काला. मात्सु म्हणजे वाट बघणे, मोत्सु म्हणजे हातात धरणे, हे दोन मी इतक्या वेळा उलटे केले की दोन्ही कार्डांना लीचचा शिक्का बसला (आठ वेळा विसरलं की बसतो, लीच म्हणजे जळू, नाव अगदी बरोबर ठेवलंय). शेवटी एका रविवारी टेबलाशी बसून दोन्हींच्या कांजी, म्हणजे जपानीतली चित्रासारखी अक्षरं, कागदावर मोठ्या काढल्या. तेव्हा दिसलं की उजवीकडे दोन्हीत देवळाचंच चिन्ह आहे, फक्त डावीकडे एकात पाऊल आणि एकात हात! आणि पावलाच्या जागी सूर्य ठेवला तर तोकी, म्हणजे वेळ. वीस मिनिटं गेली, पण त्यानंतर आजतागायत चुकलेलं नाही, मात्सु आता थेट मार्चमध्ये येणार आहे.

तेव्हापासून नवीन कार्डं रोज सातच, तीही रात्री बसून, वहीत लिहून. फटीतल्या वेळात फक्त जुन्याची उजळणी. हे अ‍ॅप शिकवत नाही, शिकलेलं गळू देत नाही, एवढंच त्याचं काम, आणि ते चोख करतं.

गौरी-गणपतीत आठवडाभर उघडलंच नाही तर ४१२ कार्डं साचलेली, बघूनच डिलीट करावंसं वाटलं. मग नवीन शून्यावर आणली आणि रोजच्यात पन्नास-साठ जास्तीची करत दहा दिवसांत फेडली. सुट्टी घ्यायची असेल तर आधीच नवीन बंद करा, नाहीतर व्याजासकट वसूल होतं.

दुसरा अड्डा कुकर. तीन शिट्ट्यांत वीसेक कार्डं होतात, पण एकदा त्या नादात सात झाल्या आणि डाळीचं पिठलं झालं. सासूबाई म्हणाल्या, "जपानीत मोजल्यास का गं?" आता शिट्ट्या त्या मोजतात.

ऐकण्यासाठी मात्र नुसत्या लिहिलेल्या कार्डांचा काडीचा उपयोग नाही. एन५ला १८० पैकी ८० लागतात, पण ऐकण्यात ६० पैकी १९ वेगळे मिळवावेच लागतात, आणि ते मला नोव्हेंबरात नीट कळलं. आवाजाची कार्डं घेतली, पण मेट्रोच्या अनाउन्समेंटमध्ये तीही अर्धी बुडतात, त्यामुळे रात्री भांडी घासताना इअरफोन.

अजून एक, खिडकीतून बघणं बंद झालंय. संभाजी उद्यान ते पीएमसी मेट्रो नदीवरून जाते, पावसाळ्यात पाणी कधी चढलं मला कळलंच नाही, ऑफिसात सगळे व्हिडिओ दाखवत होते आणि मी रोज वरून जाऊन काहीच पाहिलं नव्हतं. म्हणून हल्ली तो शेवटचा टप्पा फोन पर्समध्ये.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दिली, रिझल्ट अजून यायचाय. तोवर नवीन कार्डं पाचवर आणलीत, लेकीची प्रिलिम चालू आहे. तीही इतिहासाच्या सनावळ्या याच्यात टाकून बसलीये, त्यामुळे मेट्रोत माझा फोन माझ्याकडे असेलच असं नाही.