हजारभर रुपयांत कोणती बाटली? शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ की शिराझ

घरी चार माणसं जेवायला येणार, बजेट हजाराच्या आसपास, आणि त्यांतल्या दोघांनी आजवर वाईन चाखलेलीच नाही. असं असेल तर फार शोधाशोध न करता नाशिकच्या सुला वाईनरीची शेनिन ब्लाँ घ्या. दर्दी मंडळी हे नाव ऐकून नाक मुरडतात. मुरडू देत.

ही फिकट पिवळी, हलकी गोडसर व्हाईट. पहिल्या घोटाला पिकलेला पेरू आणि अननस, मागून मधाची पुसटशी झाक. पण शेवटी जिभेच्या कडांना आंबटपणा जाणवतो, म्हणून तिचं सरबत होत नाही. त्याचं श्रेय शेनिन या द्राक्षाच्या जातीला. नाशिककडे वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. थंडी सरून ऊन तापायला लागलं की मण्यात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातून आलेली शेनिन अशा उन्हातही आपला आंबटपणा बऱ्यापैकी टिकवते. त्यामुळे स्वस्तातली बाटलीही मिळमिळीत निघत नाही. आणि आपल्या जेवणाशी तिचं जमतं: अळूवडीतल्या चिंचगुळाला ती शोभते, तिखटाची धारही थोडी बोथट करते.

सुलाचीच सोव्हिन्यों ब्लाँ किमतीला तिच्या जवळपास, स्वभावाने मात्र अगदी वेगळी. ही ड्राय, म्हणजे गोडवा जवळजवळ नाहीच. ग्लास नाकाशी नेताच चिरलेली ढोबळी मिरची, ओलं गवत, लिंबाची साल. ज्यांना हा हिरवा वास आवडतो ते त्याच्या प्रेमात पडतात, बाकीचे ग्लास अर्धा ठेवून उठतात. लिंबू पिळलेलं तळलेलं पापलेट किंवा कुरकुरीत बोंबील असेल तर मी शेनिन बाजूला ठेवून हीच काढेन. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र नको. तिखट अधिकच झोंबतं.

शेनिनचा गोडवा नको आणि सोव्हिन्योंचा हिरवटपणाही नको, अशा माणसासाठी अकलूजच्या फ्रतेल्ली वाईनरीची शेनिन आहे. सुलाच्या मानाने गोडी कमी, फळांचा वास तसाच मोकळा. सोलापूर जिल्ह्यात वाईनची द्राक्षं म्हटल्यावर अजूनही कुणाकुणाच्या भुवया वर जातात, पण ही बाटली त्यांना उत्तर द्यायला पुरेशी आहे.

रेडचं गणित निराळं. व्हाईटमध्ये कमी पैशांत जे मिळतं, ते रेडमध्ये सहसा मिळत नाही. स्वस्त रेड एक तर तुरट आणि करकरीत लागते, नाही तर जॅमसारखी. बजेट ताणायचंच नसेल तर सुलाची शिराझ-कॅबरने (या दोन काळ्या द्राक्षांचं मिश्रण) चालून जाते: जांभूळ, थोडी काळी मिरी, बेताचा तुरटपणा. सुक्या मटणाबरोबर तक्रारीला जागा नाही, पण नुसती पिण्यात मजा नाही. माझा सल्ला, रेडच हवी असेल तर चारपाचशे वाढवा आणि सुलाचीच दिंडोरी रिझर्व्ह शिराझ घ्या. ओकच्या पिंपात मुरल्यामुळे तिच्यात जांभळाच्या जोडीला व्हॅनिला, लवंग आणि किंचित धुराचा वास येतो, आणि घोट गिळल्यावरही चव रेंगाळते. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्समधल्या ग्रोव्हर वाईनरीची ला रिझर्व्ह, म्हणजे कॅबरने आणि शिराझचं मिश्रण, हिच्याच तोलाची पण जरा मऊ. दोन्ही मिळत असतील तर पाया-मटणाला दिंडोरी, पनीर टिक्का किंवा भरल्या वांग्याला ला रिझर्व्ह. फ्रतेल्लीची सेत्ते याहून महाग. सांजोव्हेझे आणि कॅबरने या द्राक्षांची ही वाईन आंबट चेरीसारखी, चांगलीच तुरट. उघडून तासभर ठेवली की खुलते. नवख्या पाहुण्यांवर ती वाया घालवू नका.

परदेशी लेबलचा मोह या किमतीत टाळलेला बरा. आयातीवर वर्षानुवर्षं १५० टक्के शुल्क होतं; अलीकडे काही देशांच्या वाईनला करारांमुळे सवलत मिळू लागली आहे, तरी बाटलीच्या किमतीत कराचा वाटा मोठाच असतो. गोव्याची पोर्ट या सगळ्यांपेक्षा स्वस्त, पण ती वेगळीच गोष्ट: गडद, गोड, मनुकांच्या चवीची. जेवणाबरोबर नको, नंतर बेबिंकाबरोबर घोटभर.

आता खरेदीचं. आपल्याकडे पाटीवर ‘वाईन शॉप’ लिहिलेलं असतं आणि आत वाईनला मिळते एखादी फळी, तीही बहुधा दिव्याखाली तापलेली. अशा फळीवरची धूळ बसलेली बाटली घेऊ नका. एसी असलेलं, माल लवकर खपणारं दुकान शोधा. लेबलवर साल छापलेलं असतं. व्हाईट चालू किंवा गेल्या वर्षाची मिळाली तर उत्तम, तीनचार वर्षं जुनी असेल तर परत ठेवा. या किमतीची व्हाईट मुरत नाही, नुसती शिळी होते.

व्हाईट फ्रिजमध्ये दोनतीन तास ठेवा. रेडही अर्धा तास ठेवा, कोणी काही म्हणो. ‘रूम टेम्परेचर’ हा थंड देशांतल्या खोल्यांचा हिशेब आहे, मे महिन्यातल्या पुण्याचा नव्हे. उरलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोनतीन दिवस टिकते, त्यानंतर ती मटणाच्या मॅरिनेशनला वापरा.