काळ्या अस्वलासाठी ट्रेल कॅमेरा: एप्रिल ते ऑक्टोबरच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या उत्तरेला, सेंट जो नदीच्या खोऱ्यातल्या सरकारी जंगलात, अस्वलाच्या शिकारीसाठी मेमरी कार्डवाले तीन साधे ट्रेल कॅमेरे (झाडाला लावायचे, जनावर समोरून गेलं की आपोआप चालू होणारे) हंगामभर वापरल्यावरचं हे मत. कॅमेरा अस्वल शोधून देत नाही. जागा खाण्यावरून ओळखावी लागते. त्या जागी अस्वल किती वाजता येतं, ते कॅमेरा सांगतो, आणि पैसे वसूल होतात ते त्यातच.

आपल्याकडचं अस्वल मोहाच्या दिवसांत मोहाखाली भेटतं, तसंच हेही. मोह कोणता, ते महिन्यागणिक बदलतं, इतकंच. गुहेतून आधी नर बाहेर पडतात आणि पिल्लंवाल्या माद्या सगळ्यांत शेवटी. तेव्हा त्यांना हवा असतो कोवळा हिरवा पाला: गवत, क्लोव्हर, डँडेलियन. म्हणून एप्रिल-मेमध्ये बर्फ आधी वितळणारे दक्षिणेकडचे उतार आणि लाकूडतोडीचे जुने, फाटक लावून बंद केलेले रस्ते बघावेत. अशा रस्त्यांवर माती धरून ठेवायला अनेकदा क्लोव्हर पेरलेलं असतं. ताजी हिरवी विष्ठा दिसली, की कॅमेरा तिथे लावावा. बर्फाची रेषा वर सरकते तसा दर दहा-पंधरा दिवसांनी कॅमेराही वर न्यावा. एप्रिलची जागा जूनपर्यंत तशीच ठेवली, तर कार्डावर हरणंच भरतात.

वसंतात दिवसाचे शेवटचे तीन-चार तास सर्वांत भरवशाचे. मेअखेरीपासून माजाचा काळ सुरू होतो, तो जुलैपर्यंत चालतो. या दिवसांत मोठे नर माद्यांच्या मागावर भरदिवसाही फिरतात आणि एका जागी टिकत नाहीत. तेव्हा कॅमेरा गवतावरून काढून दोन डोंगरांमधल्या खिंडीत किंवा अस्वलं अंग घासतात त्या झाडासमोर लावावा. असं झाड ओळखायला सोपं: साल गुळगुळीत झालेली आणि डिंकात केस चिकटलेले.

खरी मेहनत आहे ती लावण्यात. कमरेच्या उंचीवर लावलेला कॅमेरा अस्वल हमखास हुंगतं, चावतं आणि पट्ट्यासकट ओढतं, कारण प्लास्टिकचा आणि हाताचा वास त्याला लगेच लागतो. सात-आठ फुटांवर, तोंड खाली झुकवून लावावा. त्याहून कमी उंचीवर लोखंडी पेटी घालावीच आणि ती पट्ट्याने न बांधता स्क्रूने खोडाला पक्की करावी, तिथे तशी परवानगी असेल तर. रस्त्याला काटकोनात लावला, तर जनावर चौकटीतून निघून जातं आणि फोटोत फक्त पार्श्वभाग उरतो. ४५ अंशांचा कोन ठेवावा. तोंड उत्तरेकडे असावं. समोरचं गवत आणि फांद्या कापाव्यात, नाहीतर उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी सेन्सर चालू होतो आणि चार दिवसांत कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. बॅटऱ्या लिथियमच्याच घ्याव्यात. अल्कलाइन सेलचं व्होल्टेज पहाटेच्या थंडीत पडतं, आणि बंद पडतो तो आधी रात्रीचा फ्लॅश.

एका वेळी तीन फोटोंऐवजी वीस सेकंदांचा व्हिडिओ लावावा. पिल्लं आईच्या बरीच मागे रेंगाळतात. फोटोत एकटं दिसणारं अस्वल व्हिडिओत पिल्लांची आई निघतं. पिल्लं सोबत असलेली मादी मारणं बेकायदा आहे. ते सोडलं, तरी मुळात ती मारूच नये. यासाठीच व्हिडिओच्या पर्यायाला सगळ्यांत जास्त गुण.

कॅमेऱ्याच्या घड्याळाकडे मात्र जपून लक्ष द्यावं. उत्तर आयडाहो पॅसिफिक वेळेत आहे आणि शेजारचं मोंटाना माउंटन वेळेत. सीमेजवळ फोन चुकीच्या टॉवरला लागला आणि त्यावरूनच कॅमेऱ्याची वेळ लावली, की तासाचा फरक पडतो. नेम धरायची कायदेशीर वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, तेव्हा हा तास महागात जातो.

ऑगस्टमध्ये हकलबेरी पिकली, की कॅमेऱ्याचा उपयोग जवळपास संपतो. बेरीचं रान उतारभर पसरलेलं, तिथे एका झाडावरून काय दिसणार? समोरच्या डोंगरावर बसून दहापट मोठं दाखवणाऱ्या १०x४२ दुर्बिणीने पहाट-संध्याकाळ उतार न्याहाळणं केव्हाही बरं. शरदात अस्वलं दिवसाचे वीस-वीस तास खात असतात, त्यामुळे दुपारही वाया जात नाही. रात्रीच्या फोटोंवरून आकार ठरवायला जाऊ नये, काळ्या केसांत काहीच उठून दिसत नाही. चिखलातल्या पुढच्या पंजाची रुंदी इंचांत मोजावी आणि एक मिळवावा: अस्वलाची लांबी साधारण तितके फूट.

नियम दरवर्षी नव्याने वाचावेत. अ‍ॅरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्याला बंदी आहे. एच-१बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना शिकारीचा वैध परवाना नसताना बंदूक बाळगणंही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरतो, म्हणून आधी परवाना, मग बाकीचं. भारतात तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली अस्वलाची शिकार गुन्हाच आहे.

ऑक्टोबरअखेर कॅमेरे उतरवताना सेल काढून ठेवावेत आणि झाकणाचं रबर पुसून बघावं. त्याला चीर असेल तर पुढच्या वसंतात पहिल्याच पावसात पाणी आत जातं.