गिअर बॉक्स आणि क्राऊनमध्ये सिंथेटिक ऑईल: घाटातल्या पिकअपवर नऊ महिने

आमची पिकअप डिझेलची, मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली, सात वर्षं जुनी. हंगामात भिलारहून स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून पसरणी घाटाने वाई, तिथून पुणे. पावसाळ्यात खत आणि भाजी. गेल्या नोव्हेंबरात गिअर बॉक्स आणि मागच्या क्राऊनमध्ये (मागच्या चाकांना ताकद पोचवणारी दातेरी चाकं, म्हणजे डिफरन्शियल) सिंथेटिक ऑईल टाकलं, त्यावर आता १४ हजार किलोमीटर झाले.

हा खर्च केला तो दुसऱ्या गिअरपायी. पहाटे साडेचारला गाडी काढली की दुसरा पडायचाच नाही, जोर लावला तर कर्रकन वाजायचा. डबल क्लच मारत (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबत) घाटाच्या तोंडापर्यंत जायचं, मग गाडी तापली की सगळं सुरळीत. तापल्यावर दुखणं जातं म्हणजे गारठ्यात घट्ट होणाऱ्या ऑईलचा संशय आधी घ्यायचा. गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगला मधला ऑईलचा थर बाजूला सारून पकड घ्यावी लागते, आणि जुनं ८०डब्ल्यू-९० (हा ऑईलच्या दाटपणाचा आकडा, पहिला भाग थंडीतला, दुसरा तापल्यावरचा) थंडीत ते होऊ देत नव्हतं. नवीन टाकलेलं ७५डब्ल्यू-९० तापल्यावर त्याच दाटपणाचं, फरक गारठ्यातला. ८०डब्ल्यूची कसोटी उणे २६ अंशांना लागते, ७५डब्ल्यूची उणे ४० अंशांना. आपल्याकडे एवढी थंडी कुठली, पण पाच-सात अंशांनाही फरक हाताला कळतो. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरा गिअर दोन बोटांनी पडला. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. गॅरेजवाला एकच डबा दोन्हीकडे ओतायला निघाला होता. मी थांबवलं, कारण माझ्या गाडीच्या पुस्तकात गिअर बॉक्सला जीएल-४ आणि क्राऊनला जीएल-५ लिहिलंय (जीएल म्हणजे गिअर ऑईलची प्रत, दाटपणाचा आकडा वेगळा). क्राऊनमध्ये पिनियन, म्हणजे मोठ्या चाकाला फिरवणारं छोटं दातेरी चाक, मोठ्या चाकाच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. तिथे धातूला धातू चिकटू नये म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. जुनं क्राऊन ऑईल काढताना जो उग्र वास येतो तो त्याचाच. तेच गिअर बॉक्समध्ये गेलं तर रिंग घसरते, आणि काही ऑईलांतलं गंधक पितळही खातं. दोन्हींना चालणारी ऑईलं मिळतात, पण ते डब्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘सिंथेटिक’ हा शब्द मोठा आणि जीएलचा आकडा बारीक छापलेला असतो. आधी तो बारीक आकडा वाचा.

अजून एक. खालचा ड्रेन बोल्ट खोलण्याआधी वरचा भरायचा बोल्ट खोलून पाहा. तो गंजून अडकला असेल तर ऑईल रिकामं झालेली गाडी जागेवरच बसेल.

मायलेजमध्ये मला मोजण्याजोगा फरक दिसला नाही. क्राऊनचा साठच्या पुढचा ‘हूंऽऽ’ आवाजही तसाच आहे. बेअरिंग किंवा दात झिजले असतील तर ऑईल ते भरून काढत नाही, एवढ्यासाठी कुणी पैसे घालू नयेत.

जुलैत मात्र धडा मिळाला. पुलावरून पाणी वाहत होतं, लोड घेऊन तसाच निघालो. क्राऊनचं तापलेलं हाऊसिंग एकदम गार पडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या छिद्रातून, पाणी ओढलं जातं. ब्रीदरची टोपी चिखलाने कधीच निघून गेली होती, माझं लक्ष नव्हतं. दोन दिवसांनी बोल्ट खोलला तर आत दूध घातलेल्या चहासारखं ऑईल. आठ महिन्यांचं महागडं जीएल-५ ओतून द्यावं लागलं, जीव हळहळला. सिंथेटिक जास्त टिकतं हे खरं, पण पाणी शिरलं की महाग-स्वस्त सगळं सारखंच. चुंबकाच्या बोल्टवर राखाडी पेस्ट होती, कण किंवा कपचे नव्हते, म्हणजे दात वाचले.

आता ब्रीदरला रबरी नळी जोडून चासीच्या वरपर्यंत नेली आहे. क्राऊनमध्ये पुन्हा सिंथेटिक भरलं नाही. तिथे साधं ८०डब्ल्यू-९० जीएल-५, दर पावसाळ्यानंतर बदलायचं. गिअर बॉक्समधलं सिंथेटिक तसंच आहे आणि पहाटे दुसरा गिअर अजून गुमान पडतो.