अंब्रेला कंपनीचा पगार : पेस्लिप नीट बघून घ्या (३ स्टार)
इंग्लंडमधे एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. माझी अंब्रेला कंपनी, म्हणजे एजन्सी आणि आपल्यामधे राहून आपल्याला कागदोपत्री नोकरीवर ठेवणारी नि पगार देणारी कंपनी (नाव नाही देत), पैसे वेळेवर टाकते, फोनही उचलतात, त्यात तक्रार नाही. पण एजन्सी जो डे रेट सांगते ना तो तुमचा पगार नसतोच, त्यातून आधी कंपनीचं मार्जिन (त्यांची फी) जातं, मग मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठी सरकारला द्यायची वर्गणी), म्हणजे एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५००० पौंडांच्या वरच्या पगारावर १५ टक्के, वर अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठीचा सरकारी कर), आणि उरलं त्यातून परत तुमचा स्वतःचा टॅक्स नि इन्शुरन्स! सगळं कायदेशीर आहे, पण आधी कोणी धड सांगत नाही. जास्त राग आला तो सुट्टीच्या पैशांचा, पगाराचे १२.०७ टक्के बाजूला काढून ठेवतात आणि मागितल्याशिवाय देत नाहीत. हॉलिडे पे दर आठवड्याला मिळतोय की साठतोय ते पेस्लिपवर बघाच. सही करायच्या आधी एजन्सीकडून 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' मागून घ्या, ते त्यांना द्यावंच लागतं, त्यात कपातीचा नमुना हिशोब असतो. आणि कोणी ८५-९० टक्के हातात देतो म्हणालं तर लांबच राहा, कर्ज दाखवून पगार देतात आणि टॅक्सची नोटीस आपल्या घरी येते.